चमत्कार प्रयोगांची पेटी: काय चालतं, काय फसतं, काय काढून टाकावं

नागपुरात शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या एका दुकानात चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारी तयार पेटी मिळते. पत्र्याची पेटी, आत थर्मोकोलचे कप्पे, बारा प्रयोगांचं सामान आणि २४ पानांची पुस्तिका. किंमत १,८५० रुपये. विज्ञान शिक्षक आणि गावोगाव अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यक्रम करणारे कार्यकर्ते हे तिचे गिऱ्हाईक. डिसेंबरातल्या थंडीत आणि मे महिन्यातल्या उन्हात असे दोन्ही वेळा सगळे प्रयोग करून पाहिल्यावर मत असं झालं: बारापैकी आठ प्रयोग निर्धास्त घ्यावेत, दोन दुरुस्त करून चालतील आणि दोन पेटी हातात येताच काढून टाकावेत. पुस्तिका मात्र नव्याने लिहायला हवी. लिंबू लाल कसं झालं हे ती नीट सांगते, पण ज्या घरावर करणीचा आळ आला त्या घराच्या कामाचं तिच्यात जवळजवळ काहीच नाही.

आधी काढून टाकायच्या दोन वस्तू. ‘विभूती द्रव’ अशी चिठ्ठी लावलेली छोटी बाटली म्हणजे मर्क्युरिक क्लोराइड या पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो आणि तोच आतल्या धातूला वाचवतो. पाऱ्याच्या क्षारामुळे तो थर टिकत नाही, उघडा पडलेला अ‍ॅल्युमिनियम हवेशी भराभर संयोग पावतो, पांढरी भुकटी उगवल्यासारखी वर येते आणि द्रव लावलेलं अ‍ॅल्युमिनियमचं नाणं हाताला चटका बसेल इतकं तापतं. बाबांच्या फोटोच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतून अंगारा येतो तो असा. प्रयोग डोळ्यांत भरतो यात शंका नाही, पण हे जहाल विष आहे. ग्रॅमभरही पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं, आणि मुलं नाण्याला हात लावून तोच हात डब्याला लावतात. बाटली उघडू नका, मोरीत ओतू नका. दुकानदाराला परत करा किंवा रसायनशास्त्र विभाग असलेल्या कॉलेजला विचारून घातक कचऱ्यात द्या. त्याऐवजी विभूतीची गोळी करा. चाळलेली गोवरीची राख भाताच्या पेजेत जेमतेम ओली करायची, बोराएवढ्या गोळ्या वळायच्या आणि सावलीत दोन दिवस वाळवायच्या. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात गोळी लपते, दाबली की भुकटी होते. पेज जास्त झाली तर गोळी दगडासारखी होते आणि भर कार्यक्रमात फुटत नाही, तेवढं सांभाळा.

दुसरी वस्तू रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियमचा तुकडा, पाणी शिंपडून नारळ पेटवण्यासाठी. नागपूरच्या उन्हाळ्यात रॉकेल उडून बाटलीतली पातळी खाली येते आणि धातू उघडा पडतो. शिवाय पेटताना दाहक थेंब उडतात आणि ते थेट डोळ्याच्या उंचीला येतात. जे या प्रयोगातून सांगायचं ते होमाच्या प्रयोगातून सांगून होतं, म्हणून हाही परत करा.

होमाचा प्रयोग पेटीतला सगळ्यात चांगला. समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट आधीच पसरलेलं असतं, मांत्रिक वरून ‘तूप’ सोडतो, ते असतं ग्लिसरीन. वाळू भरलेल्या लोखंडी घमेल्यात चमचाभर, म्हणजे साधारण ५ ग्रॅम पूड घ्या, मधे खळगा करा, त्यात १० ते १२ थेंब ग्लिसरीन सोडा आणि हात मागे घ्या. परमँगनेट ग्लिसरीनला ऑक्सिजन पुरवतं, उष्णता साठत जाते, आधी धूर येतो आणि मग जांभळट ज्वाळा. प्रयोग फसण्याची तीन कारणं असतात. पेटीत पूड नाही, खडे दिलेले आहेत. खडे जितके मोठे तितका पृष्ठभाग कमी आणि वेळ जास्त. स्वच्छ, कोरड्या खलात थोडे थोडे वाटून घ्या आणि त्या खलात दुसरं काहीही वाटू नका. दुसरं कारण हवामान. डिसेंबरात सकाळी ग्लिसरीन काकवीसारखं घट्ट असतं, पुडीत झिरपायलाच वेळ लागतो आणि मिनिटभर काहीच घडत नाही. मे महिन्यात तेच काम त्यामानाने फारच लवकर होतं. म्हणून थंडीत बाटली आधी कोमट पाण्यात धरा आणि उन्हाळ्यात मंत्र लहान ठेवा. तिसरं कारण ओलावा: ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर ते पातळ होतं आणि मग पेटत नाही. पेटलं नाही म्हणून वाकून पाहू नका. तीन मिनिटं थांबा, मग भरपूर पाणी ओता.

इथे पेटी बनवणाऱ्याची एक गंभीर चूक आहे. परमँगनेट आणि ग्लिसरीन एकाच कप्प्यात शेजारीशेजारी ठेवलेत. एसटीच्या टपावर किंवा दुचाकीच्या डिकीत बाटली फुटली की पेटी आपोआप पेटेल, आणि थर्मोकोल तर जळायला तयारच. ग्लिसरीन वेगळ्या पिशवीतच न्यायचं, हा नियम पेटी घेतल्याच्या दिवशीच करून टाका.

लिंबातून रक्त काढायचा प्रयोग सोपा आणि भरवशाचा. मिथाइल ऑरेंजचं ०.१ टक्क्याचं द्रावण सुरीच्या पात्यावर दोन-तीनदा लावून प्रत्येक वेळी वाळू द्यायचं. हा दर्शक, म्हणजे आंबटपणानुसार रंग बदलणारा पदार्थ, ४.४ पीएचच्या (पीएच जितका कमी तितकं आंबट) वर पिवळा आणि ३.१ च्या खाली लाल असतो; लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, त्यामुळे सुरी फिरताच लाल धार. पातं ओलं असेल तर लिंबू कापायच्या आधीच पिवळे ओघळ दिसतात आणि पुढच्या रांगेतली पोरं ओळखतात. नागपुरात हमखास कोणीतरी म्हणतं, संत्र्यातून काढून दाखवा. संत्र्याचा रस लिंबाइतका आंबट नसतो, त्याचा पीएच या दर्शकाच्या रंगबदलाच्या पट्ट्यातच कुठेतरी येतो, म्हणून रंग लाल न होता नारिंगीच राहतो आणि संत्र्याच्या रंगात मिसळून जातो. हे मुद्दाम करून दाखवा. ‘रक्त’ आंबटपणावर अवलंबून आहे, मंत्रावर नाही, हे लोकांना यातून जितकं कळतं तितकं भाषणातून कळत नाही. दर्शक संपला तर जास्वंदीची लाल फुलं पात्यावर चोळा, काम होतं. मिथाइल ऑरेंज लावलेल्या सुरीने कापलेल्या लिंबाचं सरबत मात्र कोणी करू नये, लिंबू तिथेच टाकून द्या.

हळद-चुन्याचा प्रयोग घरोघरी माहीत असलेल्या गोष्टीवर उभा आहे: हळद अल्कलीत लाल होते, कुंकू पारंपरिक रीतीने त्यातूनच बनतं. मांत्रिक रुग्णाच्या हाताला हळद लावायला सांगतो, चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो, पाणी लाल झालं की ‘करणी उतरली’. पेटीतली चुन्याची डबी पहिल्या वापरानंतर हवा लागून निकामी होते, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडूसारखा होतो आणि मग हळद पिवळीच राहते. पानठेल्यावरची ताजी चुन्याची पुडी त्यापेक्षा बरी. बाहुलीतून रक्त काढण्यासाठी दिलेलं फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण अल्कोहोलमध्ये असतं, त्याचं झाकण घट्ट नाही; उन्हाळाभर ठेवली तर बाटलीत पांढरा साका उरतो. त्यात थोडं स्पिरिट घालून हलवलं की पुन्हा चालतं.

त्याच कुळातला काविळीचा प्रयोग आहे, आणि पेटीत तो ठेवल्याबद्दल बनवणाऱ्यांचे मनापासून आभार मानायला हवेत. कावीळ ‘उतरवणारा’ आंब्याच्या ताज्या अंतरसालीचा रस हाताला चोळतो आणि चुन्याच्या निवळीने हात धुतो. पाणी पिवळंजर्द होतं. निरोगी माणसाचे हात धुतले तरी तितकंच पिवळं होतं, आणि तेच दाखवायचं. पेटीतली वाळलेली साल उपयोगाची नाही, ती फेकून ताजी घ्या. गळ्यात घातलेली काविळीची माळ रोज वाढते म्हणतात, ती सैल फासांच्या गाठींमुळे. देठं वाळून बारीक झाली की गाठी सरकतात आणि माळ पायापर्यंत येते. कावीळ तरी बरी कशी होते? दूषित पाण्यातून होणारी विषाणूजन्य कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला जातं. पण पित्तनलिकेत खडा किंवा गाठ असली, बाळंतीण किंवा गरोदर बाई असली, माणूस बरळू लागला किंवा त्याला झापड आली, तर हेच आठवडे जीव घेतात. पुस्तिकेत हा भाग नाही. तो तोंडाने सांगितल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

नारळातून लाल पाणी काढण्यासाठी पेटीत पुन्हा परमँगनेटच दिलं आहे. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, त्यातून इंजेक्शनच्या सुईने द्रावण आत सोडायचं, शेंडी वर ओढली की भोक दिसत नाही. अडचण अशी की नारळाच्या पाण्यातल्या साखरेशी परमँगनेटची क्रिया होते आणि काही तासांत लाल रंग मातकट तपकिरी होतो. सकाळी भरलेला नारळ संध्याकाळच्या कार्यक्रमात काढ्यासारखा निघतो. मिठाईत घालतात तो लाल खाण्याचा रंग वापरा, चिमूटभर पुरतो.

गंगेचा लोटा ही पेटीतली सगळ्यात महाग आणि देखणी वस्तू. दुहेरी भिंतीचा पितळी लोटा, गळ्याजवळ बारीक छिद्र. छिद्रावर अंगठा असेपर्यंत भिंतींमधल्या पोकळीतलं पाणी हवेच्या दाबामुळे अडून राहतं. आतला लोटा रिकामा करून दाखवायचा, अंगठा सोडायचा, दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत पाणी पुन्हा आत येतं. बोअरवेलचं जड पाणी वापरलं तर छिद्रात क्षार बसतात आणि लोटा ‘भरेनासा’ होतो. लिंबूफुलाचं पाणी रात्रभर ठेवून सुईने छिद्र मोकळं करा. घेतानाच पाणी भरून जोड गळतो का ते दुकानातच पाहा.

जिभेतून आरपार गेलेला त्रिशूळ मधल्या यू आकाराच्या वळणामुळे चालतो, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही; एकाच्या तोंडात गेलेला दुसऱ्याला देण्याआधी उकळून घ्या. कापूर हातावर पेटवताना तीन-चार सेकंदांत दुसऱ्या हातावर घ्यायचा असतो. जिभेवरचा प्रकार विद्यार्थ्यांकडून करवू नका, कापूर गिळला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. खिळ्यांची ६ इंची पाटी, अर्ध्या इंचावर एक असे १४४ खिळे, वर फुगा आणि फुग्यावर ३ किलोचं वजन: प्रत्येक खिळ्यावर जेमतेम २१ ग्रॅम भार येतो म्हणून फुगा फुटत नाही. आमच्या पाटीत तीन खिळे इतरांपेक्षा वर आलेले होते आणि फुगा लगेच फुटला. कानशीने टोकं सारखी केल्यावर चाललं.

लंबक आणि दहा पेल्यांचा प्रयोग हा खरा विचार शिकवणारा, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत निष्काळजीपणे बनवलेला. दोऱ्याला टांगलेली चकती हातात धरली की ती ‘आपोआप’ गोल फिरू लागते. जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ किंवा हातातली इंग्रजी वाय अक्षरासारखी फांदी फिरते ती त्याच कारणाने: जे घडेल असं वाटतं त्या दिशेने स्नायू नकळत सूक्ष्म हालचाल करतात. फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३३ मध्ये लंबकावर हे दाखवलं, ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये त्याची मीमांसा केली आणि पुढच्याच वर्षी फॅरेडे यांनी प्लँचेटवाल्यांच्या फिरत्या टेबलामागे हातांचाच जोर असतो हे उपकरण लावून सिद्ध केलं. पाणाड्या लबाडच असतो असं नाही. त्याला स्वतःलाही ते कळत नसतं, आणि हे आदराने सांगितलं तर लोक ऐकतात.

चाचणी अशी: दहा सारखे पेले, एकाखाली नाणं, जागा चिठ्ठी काढून ठरवायची, नाणं ठेवणाऱ्याने खोलीबाहेर जायचं आणि मगच लंबकवाल्याने आत यायचं. वीस फेऱ्या घ्या. नुसत्या नशिबाने सरासरी दोन बरोबर येतात. सहा किंवा त्याहून जास्त बरोबर येणं शंभर वेळांत साधारण एकदाच घडावं, तेव्हा तेवढे आले तर पुन्हा वीस फेऱ्या घ्या. पेटीतले पेले मात्र इतके पातळ आहेत की उजेडाकडे धरले तर नाणं दिसतं, आणि हलक्या पेल्याखाली नाणं खडखडतं. स्टीलचे सारखे पेले घ्या आणि खाली फडकं अंथरा. विहिरीचं काय, असा प्रश्न येणारच. नागपूरच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला जुना स्फटिकी खडक. झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरात पाणी बऱ्याच ठिकाणी थोडंफार लागतंच, म्हणून पाणाड्याचे दाखले खरे वाटतात. कोरड्या गेलेल्या बोअरची मोजदाद कोणी ठेवत नाही.

आता भानामती. पुस्तिकेत तिला अर्धं पान दिलंय, आणि विदर्भात वापरायच्या पेटीत हे अजिबात पुरेसं नाही. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, अंगावर काळ्या फुल्या उमटतात. कपडे पेटण्यामागे पांढरा फॉस्फरस असू शकतो. तो ३० अंशांच्या थोडं वर हवेत आपोआप पेटतो आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तर नागपूरची सावलीसुद्धा त्याहून तापलेली असते. हे करून दाखवू नये. फुल्या बिब्ब्याच्या असतात. बिब्ब्याच्या टरफलातलं काळं तेल परीट कपड्यांवर खुणा करायला वापरत, त्याच्याच आतल्या बियांची गोडंबी आपण खातो. तेल अंगाला लागलं की काहींना काही तासांत, पण अनेकांना एक ते तीन दिवसांनी खाज, काळा डाग आणि फोड येतात. ही उशिराची प्रतिक्रिया लक्षात घेतली की ‘दार बंद होतं, कोणी आलंच नाही, तरी सकाळी फुली उमटली’ याचा उलगडा होतो: फुली काल-परवाच काढलेली असते. तेल नखांत आणि कपड्यांत राहतं, त्यामुळे नवे डागही उठत राहतात. साबण-पाण्याने हात, नखं आणि कपडे धुवायला लावा आणि त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

भानामतीमागे माणूसच असतो, आणि अनेकदा तो घरातलाच, दडपणाखाली असलेला, ज्याला आपलं म्हणणं दुसऱ्या रीतीने मांडता येत नाही असा असतो. म्हणून शोध घेताना कुठली घटना कधी घडली आणि तेव्हा कोण कुठे होतं याचा तक्ता करा, घरातल्या प्रत्येकाशी एकट्याने बोला, आणि कोण करतंय हे कळलं तरी नाव गावात सांगू नका. चौकात नाव उघड केलं तर करणीचा आळ फक्त एका दारावरून दुसऱ्या दारावर जातो. आळ काय करतो ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द इथे ऑगस्ट २०२१ मध्ये दिसलं: भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्याकोताऱ्यांसह माणसांना भर चौकात बांधून मारहाण झाली. या पेटीतली एकही बाटली त्यावर उपाय नाही.

तसंच रात्री छातीवर बसणाऱ्या भुताचं. झोपेच्या स्वप्नावस्थेत स्नायू शिथिल असतात. जाग आधी आली आणि शिथिलता उरली तर माणसाला हलता येत नाही, छातीवर भार आणि खोलीत कोणीतरी असल्याचा भास होतो. काही सेकंदांत किंवा मिनिटभरात ते जातं. पुरेशी झोप, कुशीवर झोपणं आणि वेळेवर निजणं याने बहुतेकांचं भागतं. फिट येणं, अंगात येणं, कानात आवाज ऐकू येणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या डॉक्टरकडे न्याव्यात, आणि कोराडी मार्गावर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे हे सांगायला लाजू नये. मांत्रिकाकडे मिरचीची धुरी आणि चाबूक खाऊन आलेल्या रुग्णाला ‘तुम्ही तिथे गेलातच का’ असं विचारू नका.

कायद्यावर पुस्तिकेत दोन ओळी आहेत आणि त्यात शिक्षाच दिलेली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये इथेच, नागपूरच्या अधिवेशनात, जादूटोणाविरोधी विधेयक मंजूर झालं. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचं जगणं कठीण करणं, साप किंवा कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्र-गंडे करणं, हे सगळं अनुसूचीत आहे. पूजा, वारी, कीर्तन यांना कायदा हात लावत नाही, आणि हे कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत ‘इडा पीडा, जादूटोणा घेऊन जा गे मारबत’ म्हणत जाणारी गर्दी हीच आपली श्रोते मंडळी आहे, ती दुखावून उठून गेली तर प्रयोग कोणाला दाखवायचे?

पेटी घ्यावी का? वर्षात सहा-सात कार्यक्रम करणाऱ्याने लोट्यासाठी आणि खिळ्यांच्या पाटीसाठी जरूर घ्यावी. रसायनं आणि पेले वेगळे घेतले तरी चालतं. एकट्या वर्गासाठी लिंबू, हळद, चुना, दोरा आणि स्टीलचे पेले एवढ्यात भागतं, पेटीची गरज नाही. नवतप्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका.

पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर जवळच्या पोलीस ठाण्याचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, रुग्णवाहिकेचा १०८, आपत्कालीन ११२ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेली-मानस १४४१६ ठळक लिहा, आणि त्याच पानाच्या पन्नास चिठ्ठ्या कापून पेटीत ठेवा. ज्या बाईला ती चिठ्ठी हवी असते ती सगळ्यांसमोर हात वर करत नाही. सतरंजी गुंडाळताना, पेटी बंद करताना ती जवळ येते. तेव्हा पेटीचं झाकण शेवटी लावा.